मदत हवी आहे: फायबरच्या होडीला केसासारख्या भेगा
मंडळी, आमची २२ फुटी फायबरची होडी देवबागला वर ओढून ठेवलीय. दोर बांधायच्या खुंट्याभोवती जेलकोटला (फायबरवरच्या बाहेरच्या गुळगुळीत थराला) बारीक भेगा पडल्यात, कोळिष्टकासारख्या पसरलेल्या. नाण्याने ठोकून पाहिलं, आवाज खणखणीत येतो, म्हणजे आतलं मॅट (काचतंतूंचा थर) सुटलेलं नसावं. गेल्या वर्षी नुसता रंग फासला होता (माझाच शहाणपणा), भेगा परत वर आल्या. आता त्या व्ही आकारात कोरून जेलकोट भरायचा म्हणतोय. त्यात हार्डनर (जेलकोट घट्ट करणारं रसायन) २ टक्के घातला तर चालेल ना? वरचा थर चिकट राहू नये म्हणून मेण मिसळू, की वरून प्लास्टिकचा कागद लावला तरी भागतं? खुंट्याखाली आधाराची फळीच नाहीये, आधी ती बसवू का? भाऊ म्हणतो, दमट हवेत हात लावू नको. कुणी स्वतः केलंय का हे काम?