मदत हवी आहे: पाच आठवडे स्ट्रेचिंग करूनही जांघेतली ओढ जात नाही (भरतीची मुलं, परभणी)

मैदान_परभणी

नमस्कार मंडळी. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या 14 मुलांपैकी 6 जणांची एकच तक्रार आहे. पँटच्या खिशाचं खालचं टोक जिथे येतं, तिथे जांघेत ओढल्यासारखं होतं. बराच वेळ बसून उठलं की पहिली पाच-सहा पावलं वाकूनच पडतात. 1600 मीटरच्या शेवटच्या फेरीत गुडघा वर येत नाही.

दिनक्रम असा: पहाटे 5:30 ला मैदान, आठवड्यातून दोन दिवस 100 मीटरचे स्प्रिंट, मग अभ्यासिकेत 9-10 तास बैठक. व्यायामात रोज 12 सूर्यनमस्कार, पळायच्या आधी लंज (एक पाय पुढे, दुसरा मागे) घालून दोन्ही बाजूंना एकेक मिनिट ताण आणि शेवटी जोडीदाराने पाय धरून 50-60 सिटअप्स. पाच आठवडे झाले, ओढ तशीच आहे. उलट दोघांची कंबर दुखायलीय.

पडल्या-झडल्याचा मार नाही, ताप नाही, वय 19 ते 24. ताण वाढवायचा का? की मुळातच काही चुकतंय?

गोदाकाठ

दादा, मी फिजिओथेरपिस्ट आहे. ताण वाढवू नका, आधी तपासा. "ओढल्यासारखं होतं" ही मुलाची जाणीव झाली. स्नायू खरोखर आखूड आहे की नाही, ते तेवढ्यावरून कळत नाही. कमजोर स्नायूवर झेपेल त्यापेक्षा जास्त काम पडलं तरी तो अगदी असाच घट्ट वाटतो. अशा स्नायूला रोज ताणत राहिलं तर घटकाभर बरं वाटतं आणि दुसऱ्या दिवशी पाढे पंचावन्न.

गुडघा वर उचलणारा मुख्य स्नायू सोआस. तो कमरेच्या पाचही मणक्यांपासून आणि त्यांच्या लगेच वरच्या मणक्यापासून निघतो, खुब्याच्या समोरून खाली येतो आणि मांडीच्या हाडाला आतल्या बाजूने एका छोट्या उंचवट्यावर चिकटतो. ओटीपोटाच्या हाडाच्या आतून येणारा इलियाकस त्याच जागी त्याला मिळतो. तिसरा रेक्टस फेमोरिस. हा मांडीच्या दर्शनी भागातून सरळ गुडघ्याच्या वाटीपर्यंत जातो, म्हणजे खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. सोआस मणक्यांनाच धरलेला असल्यामुळे चुकीचा ताण दिला की कंबर पुढे ओढली जाते. तुमच्या दोन मुलांची कंबर बहुधा त्यामुळेच दुखत असावी.

पहिली तपासणी लांबीची. न डुगडुगणारं टेबल घ्या. बाज चालणार नाही. सुतळी मधे खचते, कंबर खाली जाते आणि मोजमाप खोटं येतं. मुलाला टेबलाच्या अगदी कडेला बसवा, मग दोन्ही गुडघे छातीशी धरून मागे झोपू द्या. कंबर टेबलाला टेकली की एक गुडघा तसाच हाताने धरून ठेवायचा आणि दुसरा पाय सैल सोडायचा. सोडलेल्या पायाकडे बाजूने बघा.

मांडी टेबलाला टेकत नसेल तर सोआस-इलियाकस आखूड. मांडी टेकते पण गुडघा 80-90 अंशांपर्यंत लोंबत नाही, पोटरी पुढे निघते, तर रेक्टस आखूड. मांडी बाहेरच्या अंगाला फाकत असेल तर खुब्याच्या बाहेरचा स्नायू ओढतोय. छातीशी धरलेला गुडघा फार जोरात ओढू देऊ नका, कंबर टेकण्यापुरताच. जास्त ओढला तर ओटीपोटाचं हाड मागे कलतं आणि चांगला स्नायूसुद्धा आखूड दिसतो.

दुसरी तपासणी ताकदीची. खुर्चीच्या पुढच्या कडेला पाठ ताठ ठेवून बसायचं, हात छातीवर. एक गुडघा खुब्याच्या रेषेच्या वर उचलून 30 सेकंद धरायचा. धड मागे कललं, गुडघा खाली आला किंवा मांडीत पेटका आला की घड्याळ थांबवा. दोन्ही पायांचे सेकंद वहीत लिहा.

सहाही जणांचं करून इथे टाका. आणखी दोन गोष्टी विचारा: जमिनीवर मांडी घालून बसता येतं का, आणि एका पायावर उड्या मारल्या तर जांघेत कळ येते का.

तेरणाकाठ

ताईंच्या तपासणीचे निकाल येईपर्यंत व्यायामातल्या चुका सांगतो, कारण त्या सहाही जणांना लागू आहेत.

सिटअप्स आजच बंद करा. पाय धरून ठेवले की पोटाचे स्नायू पहिल्या 30-एक अंशांपर्यंतच काम करतात. तिथून पुढे धड उचलतात ते हेच जांघेचे स्नायू. म्हणजे आधीच कुरकुरणाऱ्या स्नायूवर तुम्ही रोज 50-60 वेळा भार टाकताय, आणि मुलांना वाटतं पोटाचा व्यायाम झाला. पोटासाठी प्लँक द्या (कोपरं आणि पायाच्या बोटांवर अंग सरळ धरायचं), 20 ते 30 सेकंदांचे तीन.

सूर्यनमस्कारात अश्वसंचालनासन येतं, त्यात जांघ ताणली जायला हवी. पण घाईच्या बारा नमस्कारांत त्या स्थितीला दोनच सेकंद मिळतात, आणि मान वर करताना सगळी वाक कमरेतून काढली जाते. नमस्कार घाला, फक्त तो या स्नायूचा ताण समजू नका.

आता लंज. बहुतेक मुलं जेवढं पुढे जाता येईल तेवढं जातात, ओटीपोट पुढे झुकतं, कंबरेची कमान होते आणि सोआसला ताण मिळतच नाही. बरोबर पद्धत दिसायला अगदी किरकोळ आहे, पण खुब्याच्या समोर जाणवते.

मागचा गुडघा सतरंजीच्या चार घड्यांवर. पुढचा पाय समोर, दोन्ही गुडघ्यांत काटकोन. धड सरळ उभं. आता पँटच्या नाडीची गाठ बेंबीकडे उचलायची, म्हणजे शेपटाचं हाड खाली आणि आत जाईल. ज्या बाजूचा गुडघा टेकलाय त्याच बाजूचा कुल्ला दाबून कडक करायचा. काहींना इथेच, पुढे न सरकता, समोर ताण येतो. येत नसेल तर नाडीची गाठ तशीच धरून दोन-तीन बोटं पुढे सरका. तेवढंच.

पाठीमागे काठी उभी धरायला सांगा: डोकं, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड टेकलेलं. कंबर आणि काठी यांच्यात तळहात जेमतेम जावा. मूठ जात असेल तर कमान झाली. मागे या, गाठ पुन्हा उचला.

30 सेकंद, प्रत्येक बाजूला दोनदा, श्वास चालू ठेवून. हिसके नकोत. कंबरेत ताण आला तर ते चुकलेलं आहे. "ताण आला ना" म्हणून समाधान मानू नका. रेक्टस आखूड निघाला तर याच स्थितीत मागच्या घोट्याला पंचा अडकवून टाच कुल्ल्याकडे ओढायची. वाटीवर भार पडून दुखत असेल तर उभं राहून भिंतीला हात लावून करा, नाडीची गाठ मात्र तिथेही उचललेलीच.

आणि हे सगळं पळून झाल्यावर. एकाच स्नायूला मिनिटभर किंवा जास्त ताणून लगेच स्प्रिंट मारला तर जोर थोडा कमी पडतो. पळायच्या आधी पाय पुढे-मागे 10-12 झोके, गुडघे उचलत 20 मीटर दोनदा, चालते लंज आठ-आठ. बास.

मैदान_परभणी

ताई, सर, दोघांचेही आभार. ताईंनी सांगितलं तसं आज सकाळी सिमेंटच्या ओट्यावर सतरंजी टाकून तपासलं.

दोघांची मांडी टेकत नाही, 4 ते 5 बोटं वर राहते. तिघांची मांडी नीट टेकते, गुडघाही लोंबतो, पण खुर्चीवर 30 सेकंद कुणीच धरू शकलं नाही: 11, 14 आणि 17. तिघंही मागे कलले. म्हणजे ज्यांचा स्नायू आखूड नव्हताच, त्यांनाही आपण पाच आठवडे ताणत होतो.

सहाव्याचं वेगळंच आहे. त्याची लांबी ठीक, पण मांडी घालून बसला की डावा गुडघा वीतभर वर राहतो. म्हणतो, दोन महिन्यांपासून असंच आहे. डाव्या पायावर उडी मारताना जांघेत कळ आली, तिसऱ्या उडीला थांबवलं.

गोदाकाठ

सहाव्या मुलाचं पळणं आजपासून बंद. ताण नाही, ताकद नाही, मालिश नाही. हे स्नायूचं दुखणं वाटत नाही, खुब्याच्या सांध्याचं किंवा हाडाचं असू शकतं.

एका पायावर उडी मारताना जांघेत खोल कळ येणं हे पळणाऱ्यांमध्ये मांडीच्या हाडाच्या मानेला बारीक तडा गेल्याचं लक्षण असू शकतं. त्यावर पळत राहिलं तर तडा पूर्ण तुटू शकतो. दुसरी शक्यता खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा कमी होण्याची. ते तरुणांतही होतं, विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या-इंजेक्शनं घेतलेली असली किंवा दारू जास्त असली तर. हा प्रश्न त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारा, मुलं मोकळेपणाने सांगत नाहीत. पाय आतल्या बाजूला वळत नाही आणि मांडी घालता येत नाही, या खुणा त्यात लवकर दिसतात.

दोन्ही दुखण्यांत सुरुवातीचा एक्स-रे साफ येऊ शकतो. म्हणून "एक्स-रे नॉर्मल आहे, पळ" असं कुणी म्हणालं तरी थांबा आणि एमआरआयची गरज आहे का, हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारा. तुम्हाला नांदेडचं विष्णुपुरीचं सरकारी रुग्णालय जवळ. नाहीतर अंबाजोगाईचं स्वाराती (स्वामी रामानंद तीर्थ) रुग्णालय किंवा संभाजीनगरचं घाटी रुग्णालय. तोपर्यंत चालताना कळ येत असेल तर उजव्या हातात काठी द्या, दुखऱ्या बाजूच्या हातात नाही.

बाकीच्यांसाठीही एक लक्षात ठेवा: ताप, रात्री झोपमोड करणारं दुखणं, पाय सरळच करता न येणं, जांघेत खोकल्यावर फुगणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर व्यायाम नाही, डॉक्टर. ताप, कंबरदुखी आणि पाय सरळ न होणं हे तिन्ही एकत्र आलं तर सोआसमध्ये पू झालेला असू शकतो. मणक्याच्या क्षयातही तसं होतं.

आणि "बेंबी सरकली" म्हणून पोट चोळून घेणं किंवा सोआस मोकळा करतो म्हणून कुणी पोटात बोटं खुपसणं, हे होऊ देऊ नका. तिथे स्नायूच्या वर आतडी आहेत आणि शेजारून पायाकडे जाणारी मोठी रक्तवाहिनी.

बालाघाट

तिघा कमजोरांसाठी ताकदीचा क्रम देतो. एक दिवसाआड, आठवड्यातून तीनदा. साहित्य: सायकलची जुनी ट्यूब आणि घरातला तांब्या.

पहिले दोन आठवडे झोपून. पाठीवर झोपा, दोन्ही गुडघे आणि खुबे काटकोनात, कंबर जमिनीला दाबून. एक टाच हळू जमिनीला टेकवून परत वर, मग दुसरी. दोन्ही बाजूंना 10, तीन सेट. कंबर सुटली की सेट संपला, आकडा पूर्ण करायचा नाही.

मग ट्यूब. व्हॉल्व्हचा भाग कापून टाका, तो पायात रुततो. चिरा असलेली ट्यूब वापरू नका, सुटली तर डोळ्याला लागेल. गाठ मारून कडं करा आणि पावलांच्या मधोमध अडकवा; घोट्यावर ठेवलं तर सटकतं. पावलं जुळवली तर ट्यूब सैल लोंबू नये. दोन्ही गुडघे वर घेऊन एक पाय सरळ करायचा, दुसरा गुडघा छातीकडेच राहील. 3 सेकंद धरा, परत येताना ट्यूबला हिसडू देऊ नका. 8 चे तीन सेट. खरं काम उचललेल्या, न हलणाऱ्या पायाचं आहे.

चौथ्या-पाचव्या आठवड्यापासून तांब्या. जमिनीवर पाय पसरून बसा, तळहात मांड्यांशेजारी, टाचेच्या आतल्या अंगाला पालथा पेला ठेवा. गुडघा सरळ ठेवून टाच पेल्यावरून पलीकडे, मग परत. टाच घासत नाही आणि धड मागे जात नाही असे 8 जमले की पेल्याच्या जागी तांब्या. हात मागे नेऊन टेकले की सगळं सोपं होतं आणि फायदा जातो, तिथे लक्ष ठेवा. मांडीच्या वरच्या टोकाला पेटका येईल. स्नायू आखडलेल्या लांबीत जोर लावतोय, म्हणून येतो. पाय सैल सोडा, उंची कमी करा, पुन्हा सुरू.

सोबत सेतुबंध: टाचा कुल्ल्याजवळ, कंबर वर, 3 सेकंद, 12 चे तीन सेट. हे आखूड निघालेल्या दोघांनाही द्या. ताणाने मिळालेली जागा वापरायला कुल्ल्यात जोर लागतो.

मैदान_परभणी

सर, या पाच जणांचं पळणं चालू ठेवायचं का? आणि अभ्यासिकेचं काय करायचं, तिथे तर बैठक मोडता येत नाही.

बालाघाट

पळू द्या, पण स्प्रिंट आणि चढ दोन आठवडे बंद. 0 ते 10 मध्ये दुखणं 3 च्या वर गेलं किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी वाढलेलं असलं तर अंतर निम्मं. स्प्रिंट सुरू करताना आधी 60 मीटर, तीन-चतुर्थांश जोराने. ताकदीला सहा ते आठ आठवडे लागतात, भरतीची तारीख तेवढी लांब असेल तर घाई करू नका.

अभ्यासिकेत बसण्याची पद्धत बदलून फार फरक पडत नाही. खुर्ची काय, गादी काय, मांडी काय, खुबा दुमडलेलाच राहतो. दर 45 मिनिटांनी पाण्याच्या माठापर्यंत जाऊन या. तिथे उभ्या उभ्या नाडीची गाठ वर, कुल्ला कडक, 10 सेकंद, दोन्ही बाजूंना. एक धडा उभ्याने वाचा. दर दोन आठवड्यांनी त्याच ओट्यावर, त्याच वेळी, पळायच्या आधी मोजा. पळून झाल्यावर मोजलं तर आकडे उगाच चांगले येतात.

मैदान_परभणी

ठीक. सिटअप्स बंद केले, ट्यूब कापून ठेवल्या. सहाव्याला बाजूला घेऊन विचारलं. वजन वाढवायला कुणीतरी सांगितलेल्या गोळ्या तो चार महिने घेत होता, नाव माहीत नाही, रिकामी पट्टी घरी आहे. ती घेऊन सोमवारी त्याच्या वडिलांसोबत विष्णुपुरीला जातोय.

गोदाकाठ

पट्टी नक्की न्या दादा, आणि गोळ्या आजच्या आज स्वतःहून बंद करू नका. स्टेरॉइड असेल आणि इतके महिने चालू असेल तर एकदम बंद करणंही धोक्याचं असतं. सोमवारपर्यंत थांबू नका, जवळच्या डॉक्टरांना आजच पट्टी दाखवा. गोळी कशी कमी करायची ते तेच सांगतील.