निवाऱ्यातलं काम, टीबीचा पेशंट आणि घरी लहान मुलगी

रात्रपाळी_पुणे:
बेघरांच्या निवाऱ्यात लागून चार महिने झाले. मागच्या आठवड्यात स्टेशनबाहेरच्या एका बाबांना रिक्षाने दवाखान्यात नेलं. पाऊस होता, म्हणून दोन्ही बाजूंचे पडदे खाली. पाऊण तास ते खोकत होते. वाटेत माझ्याच डब्यातली पोळी-भाजी दोघांनी खाल्ली. काल थुंकीचा रिपोर्ट आला, टीबी निघाला. घरी दोन वर्षांची मुलगी आहे. सासूबाई म्हणतात, काम सोड. शिवाय पंधरा दिवस बोटांच्या बेचक्यांत खाज सुटतेय, रात्री तर झोप लागत नाही. संस्थेने मास्कसुद्धा दिलेले नाहीत. काय करू?

फुटपाथवरचा_दादा:
ताई, डब्याचं आधी मनातून काढा. टीबी ताटातून लागत नाही, हवेतून लागतो. धोका होता तो त्या पडद्यांचा. यापुढे भिजलात तरी चालेल, पडदे वर ठेवा. बाबांना साधा मास्क, तुम्हाला एन-९५. तो संस्थेकडे हक्काने मागा.

टीबी केंद्रात जाऊन रिक्षातलं सगळं सांगा. तपासणी फुकट होते. जंतू शरीरात शिरले तरी बहुतेकांना आजार होत नाही, आणि आजार नसेल तर तुमच्यापासून मुलीला लागत नाही. पण एक्स-रे चांगला आला म्हणून विसरू नका. पहिली दोन वर्षं जपायची. दोन आठवडे खोकला, संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणं, यातलं काही दिसलं की लगेच जा.

मला २०१७ साली झाला होता. गोळ्या सुरू झाल्या आणि लघवी नारिंगी झाली, घाबरलो होतो. ते औषधानेच होतं. सहा महिन्यांत बरा झालो. पण खोकला अंगावर काढून मी महिना घालवला, आणि तो महिनाभर निवाऱ्यात सोळा जणांच्या खोलीत झोपत होतो. खिडक्या बंद. त्याची बोच अजून आहे. ती माणसं आधीच अर्धपोटी असतात हो.

सिस्टर_नाशिक:
खाज खरजेचीच वाटते, डॉक्टरांना दाखवा. पहिल्यांदा होते तेव्हा लागण झाल्यावर चार-सहा आठवड्यांनी खाज सुरू होते, म्हणून घरात कुणाला खाजत नसलं तरी सगळ्यांनी एकाच रात्री मलम लावायचं. मानेपासून तळव्यापर्यंत, नखांखालीसुद्धा. आठवड्याने परत. मुलीचं मात्र डॉक्टरांना विचारून. अंथरूण-कपडे गरम पाण्यात धुवा. जे धुता येत नाही ते पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. निवाऱ्यातही सगळ्यांना एकदमच लावा, नाहीतर फिरून तुमच्याकडे येणार.

हिपॅटायटिस बीची लस झाली आहे का? नसेल तर तीन डोस घ्या. गाठोडं आवरताना कधी सुई टोचली तर जखम पिळायची नाही. साबण-पाण्याने धुवा आणि लगेच सरकारी रुग्णालय गाठा. एचआयव्हीची प्रतिबंधक गोळी ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते.

रात्रपाळी_पुणे:
एक्स-रे चांगला आला. खरूजच निघाली, काल रात्री घरात सगळ्यांनी मलम लावलं, सासूबाईंना मीच लावून दिलं. बाबांच्या गोळ्या सुरू झाल्यात. उद्या त्यांना भेटायला जाते आहे, व्हरांड्यात बसू.