बाजारपेठेतल्या जुन्या इमारतीची नोंद कुठून सुरू करू?

प्रश्न: बाजारपेठेतली दुमजली जुनी इमारत, खाली दुकानं, वर गोदाम. दुरुस्ती लवकरच सुरू होईल. त्याआधी सगळं टिपून ठेवायचंय. हाताशी टेप आणि मोबाइल एवढंच आहे. आधी काय करू?

उत्तर: आधी फोटो. दर्शनी भाग अगदी समोरून, मग प्रत्येक खोली चारही कोपऱ्यांतून. बारकाव्यांजवळ मोजपट्टी धरा, नाहीतर नंतर आकार कळत नाही.

उत्तर: मापं घेताना टेपचं शून्य एकाच टोकाला ठेवून सलग आकडे वाचा. तुकड्यातुकड्यांनी मोजलं की चुका साठत जातात. कर्ण तर मोजाच! जुन्या खोल्या क्वचितच काटकोनात असतात. मी पहिल्या इमारतीत कर्ण सोडले आणि नकाशा काही केल्या जुळेना. पुन्हा जाईपर्यंत मधली भिंत पाडलेली होती. अजून चुटपुट लागते. दुकानांच्या नव्या पाट्यांमागेही डोकावून बघा, जुनी अक्षरं, कमानी तिथेच दडलेल्या असतात.

उत्तर: जुन्या वास्तूंच्या जतनाबद्दलच्या १९६४च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही अहवाल, रेखाटनं, छायाचित्रं अशी नेमकी नोंद सांगितली आहे. नोंदींवर तारखा घालायला विसरू नका.

प्रश्नकर्ता: कर्णांचं लक्षातच आलं नव्हतं. उद्या सकाळीच जातो.