चर्चा: मुलाखतीला ‘हो’ म्हणजे रीललाही ‘हो’ का?

रानवारा: समाजाच्या आठवणी ध्वनिमुद्रित करून कपाटात ठेवू नका, पॉडकास्ट करा, प्रदर्शनं भरवा, रील्स काढा, असा सध्या सूर आहे. मला पटत नाही. एखादी आजी संशोधकापुढे मन मोकळं करते, म्हणून तिच्या रडण्याचा अर्ध्या मिनिटाचा तुकडा संगीत लावून फिरवायचा? ज्या माध्यमासाठी विचारलं, तेवढ्यातच वापरा.

खडूफळा: साफ असहमत. दर वेळी नव्याने विचारायचं तर काहीच बाहेर येणार नाही. सांगणारे तोवर हयात तरी असतात का? अमेरिकेतला ‘स्टोरीकॉर्प्स’ हा लोकांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करणारा उपक्रम बघा. २००३ मध्ये न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्टेशनात एक बूथ टाकून सुरुवात केली. आपल्या माणसाशी चाळीस मिनिटं बोलायचं. त्यातले निवडक तुकडे रेडिओवर येतात, काहींची अ‍ॅनिमेशनं होतात. तुकडा ऐकूनच लोक अख्ख्या मुलाखतीकडे वळतात.

रानवारा: अहो, तिथे माणूस बूथमध्ये शिरतानाच जाणून असतो. बॉस्टन कॉलेजचा ‘बेलफास्ट प्रोजेक्ट’ आठवा. उत्तर आयर्लंडमधल्या माजी सशस्त्र कार्यकर्त्यांच्या मुलाखती घेताना त्यांना सांगितलं होतं, तुम्ही जिवंत असेपर्यंत हे बाहेर जाणार नाही. वारलेल्या दोघांच्या मुलाखतींवर २०१० मध्ये पुस्तक आलं आणि २०११ मध्ये जुन्या खुनाच्या तपासासाठी टेप मागणारी समन्स निघाली. पुढे त्याच टेपांच्या जोरावर जिवंत माणसांवर खटले उभे राहिले.

खडूफळा: ते खुनांचं प्रकरण होतं हो! सगळ्यांना त्याच मापाने मोजू नका.

शाईचा_डाग: मी म्हणतो, छापील पुस्तकच बरं. तारखा तपासता येतात, पाल्हाळ कापता येतं.

कानसेन: @शाईचा_डाग, तिथेच तर घोळ होतो. इटलीतल्या तेर्नीमध्ये १९४९ मध्ये नाटोविरोधी मोर्चात पोलिसांच्या गोळीने एक तरुण कामगार गेला. मौखिक इतिहासाचे अभ्यासक आलेस्सांद्रो पोर्तेल्ली यांनी लोकांना बोलतं केलं, तर कित्येकांनी तो मृत्यू १९५३ मध्ये, कामगारकपातीच्या वेळच्या दंगलीत नेऊन ठेवलेला. तुमच्या संपादकाने साल ‘दुरुस्त’ केलं असतं आणि तो खून लोकांना नेमका कशाशी जोडायचा होता, हेच पुसलं गेलं असतं. शिवाय उत्तराआधी माणूस किती वेळ गप्प बसला, ते छपाईत कुठे दिसतं? (टिंबं टिंबं टाकणाऱ्यांनी हात वर करू नयेत.)

पायवाट: ऑस्ट्रेलियातल्या वारुमुंगू या आदिवासी लोकांसोबत काम करताना उभी राहिलेली ‘मुकुर्तू’ ही संगणकप्रणाली पाहा. कोणती नोंद कुणी पाहायची, हे तो समाजच ठरवतो. काही फक्त घरच्यांसाठी, काही फक्त बायकांसाठी, काही सर्वांसाठी खुल्या.

खडूफळा: हे मान्य. समाजाने एकदा ठरवलं की मग माध्यमागणिक परवानग्या नकोत.

रानवारा: समाजाने म्हणजे नक्की कुणी? बैठकीत माना डोलावणारे चार पुढारी, आणि आठवण मात्र मागच्या रांगेतल्या बाईची. तिने नको म्हटलं, तर तिचं चालणार आहे का?