आईच्या रिपोर्टमध्ये 'टीआयएल 40 टक्के': चांगलं की वाईट?

सांगलीची_लेक:
आईला स्तनाचा कर्करोग आहे, ट्रिपल निगेटिव्ह (हार्मोनच्या दोन आणि एचईआर2 ची एक, अशा तिन्ही तपासण्या निगेटिव्ह). बायोप्सीच्या रिपोर्टमध्ये 'स्ट्रोमल टीआयएल 40 टक्के' लिहिलंय. टीआयएल म्हणजे गाठीत शिरलेल्या पांढऱ्या पेशी, असं मामेभाऊ म्हणाला. रात्रभर वाचत बसले. एकीकडे म्हणतात याच पेशी कर्करोग पसरवतात, दुसरीकडे म्हणतात याच वाचवतात. सकाळी आईनं विचारलं, "काय वाचलंस गं?" मला बोलताच येईना.

स्लाइडवाली:
ताई, एकोणीस वर्षं मायक्रोस्कोपखाली गाठींच्या स्लाइड बघतेय, जे रोज दिसतं ते सांगते. पांढऱ्या पेशी सगळ्या एका जातीच्या नसतात. तुमच्या रिपोर्टमधल्या आहेत त्या मुख्यतः लिम्फोसाइट. गुलाबी कापडावर मोहरी सांडावी तशा दिसतात, गोल, गडद जांभळ्या. ट्रिपल निगेटिव्हमध्ये त्या जास्त असणं साधारणपणे चांगलं धरतात, कारण त्यांच्यातल्या काही टी पेशी कर्करोगाच्या पेशी मारू शकतात.

पसरवण्याचा ठपका येतो तो बरेचदा मॅक्रोफेज या दुसऱ्या जातीच्या पांढऱ्या पेशींवर. त्यांचं मूळ काम जखम साफ करून भरून आणण्याचं. 1986 मध्ये हॅरल्ड ड्वोराक यांनी गाठीला 'न भरणारी जखम' म्हटलं, ते मला फार पटतं. गाठ जखमेसारखी हाक मारते आणि या पेशी मदतीला धावतात, नव्या रक्तवाहिन्या वाढवायला लागतात. त्याच वाटेनं कर्करोग बाहेर पडतो.

उंदीर_आणि_मी:
मी यावरच पीएचडी करतोय. 2001 मध्ये न्यूयॉर्कला जेफ्री पोलार्ड यांच्या गटानं मॅक्रोफेजना लागणारं सीएसएफ-1 हे प्रथिन नसलेले उंदीर घेतले. स्तनात गाठी झाल्याच, पण फुप्फुसात पसरणं खूप कमी झालं. पुढे कळलं की कर्करोगाची पेशी सीएसएफ-1 सोडते, मॅक्रोफेज ईजीएफ हे वाढीला चालना देणारं प्रथिन सोडते, आणि एकमेकींना ओढत दोघी रक्तवाहिनीपर्यंत जातात.

सांगलीची_लेक:
40 टक्के म्हणजे अख्ख्या गाठीचे का? केमो कमी होईल?

स्लाइडवाली:
गाठीचे नाही, कर्करोगाच्या पेशींच्या मधल्या जागेचे. आणि एवढ्यावरून केमो कमी करायची नसते हो. गाठीचा आकार, काखेतल्या गाठी, सगळं बघून तुमचे ऑन्कॉलॉजिस्ट ठरवतील. हा आकडा मात्र त्यांना आवर्जून दाखवा.

सांगलीची_लेक:
सोमवारची वेळ आहे, दाखवते. आईला मोहरीचं सांगितलं. तिनं रिपोर्ट मागून घेतला, चष्मा लावला आणि त्या 40 वर बोट ठेवून कितीतरी वेळ बघत बसली.