काट्याच्या प्रोग्राममध्ये नेटवर्क प्रिंटर दिसत नाही, नोटपॅडमध्ये मात्र दिसतो

काटा_ऑपरेटर (ता. वणी, जि. यवतमाळ)

जिनिंगच्या धर्मकाट्यावरचा पीसी आहे, विंडोज ११ प्रो. ऑफिसमधल्या दुसऱ्या पीसीला यूएसबीने एप्सन एलएक्स-३१० डॉट मॅट्रिक्स लावलेला आहे, तो शेअर केला आहे. लेझर प्रिंटर लॅन केबलने राउटरला आहे, पण तोही ऑफिसच्या पीसीवरूनच शेअर करून घेतला आहे. नोटपॅड, एक्सेल सगळीकडे दोन्ही प्रिंटर दिसतात, प्रिंटही निघते. काट्याच्या प्रोग्राममध्ये प्रिंट मेनू उघडला की यादीत फक्त मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ. बाकी काहीच येऊन नाही राहिलं.

स्पूलर (प्रिंटची रांग सांभाळणारी विंडोजची सेवा) रीस्टार्ट केला, ड्रायव्हर काढून परत टाकला, फरक नाही. प्रोग्राम जुना आहे, आयकॉनवर ढाल आहे, उघडताना ॲडमिनचा पासवर्ड मागतो. रोजचं काम ‘ऑपरेटर’ नावाच्या साध्या अकाउंटवर चालतं. कापसाच्या गाड्या लागल्या की पावती जागेवरच द्यावी लागते, त्यामुळे पीडीएफ करून दुसरीकडून काढणं जमत नाही. हे काहून होत असेल?

नेटवर्क_दुरुस्ती

भाऊ, कारण तुमच्याच प्रश्नात आहे: ढाल आणि ॲडमिनचा पासवर्ड.

दुसऱ्या पीसीवरचा शेअर केलेला प्रिंटर जोडला की विंडोज तो पीसीच्या नावावर चढवत नाही, ज्या यूजरने जोडला त्याच्या नावावर चढवते. शेत ज्याच्या नावावर, सातबारा त्याचाच निघतो, तसं. नोटपॅड ‘ऑपरेटर’च्या नावाने चालतं म्हणून त्याला प्रिंटर दिसतात. काट्याचा प्रोग्राम ॲडमिनच्या नावाने चालतो आणि ॲडमिनच्या खात्यावर ते कधी जोडलेच नाहीत. प्रिंट टू पीडीएफ पीसीवरच बसवलेला आहे, म्हणून तो सगळ्यांना दिसतो. ड्रायव्हर कितीही वेळा टाकला तरी हे बदलणार नाही.

खात्री करून घ्या. प्रोग्राम चालू ठेवून टास्क मॅनेजर उघडा, डिटेल्स टॅबमध्ये जा. प्रोग्रामच्या ओळीत यूजर नेमचा रकाना बघा. तिथे ‘ऑपरेटर’ऐवजी दुसरं नाव दिसेल. मग त्या नावाने एकदा साइन इन करून प्रिंटर्स अँड स्कॅनर्स उघडा. तिथे दोन्ही प्रिंटर नसतील तर निदान पक्कं.

आता उपाय. लेझर प्रिंटर आधीच राउटरवर आहे, त्याला ऑफिसच्या पीसीतून फिरवून आणायची गरजच नाही. प्रिंटरच्या पॅनेलवरून त्याचा आयपी, म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता, बघा, समजा १९२.१६८.१.५०. प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ॲड डिव्हाइस दाबून थोडं थांबा, खाली ॲड मॅन्युअली येईल. त्यात मॅन्युअल सेटिंग्जचा पर्याय घ्या, क्रिएट अ न्यू पोर्ट, प्रकार स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट, आयपी टाका, ड्रायव्हर स्वतः निवडा. असा बसवलेला प्रिंटर पीसीचा होतो, कोणत्याही यूजरच्या प्रोग्रामला दिसतो. ऑफिसचा पीसी बंद असला तरी चालतो.

एलएक्स-३१० यूएसबीवर आहे, त्याला आयपी नाही. त्यासाठी त्याच मॅन्युअल सेटिंग्जमध्ये पोर्टचा प्रकार लोकल पोर्ट घ्या आणि नावाच्या जागी शेअरचा पूर्ण पत्ता लिहा, \\ऑफिस-पीसी\एलएक्स३१० असा. शेअरच्या नावात स्पेस ठेवू नका.

हे झाल्यावर प्रोग्राम पूर्ण बंद करून परत उघडा. जुने प्रोग्राम प्रिंटरची यादी सुरू होतानाच वाचतात, चालू असताना नवीन प्रिंटर त्यांना कळत नाही.

सिस्टिम_ॲडमिन_अमरावती

वरचं निदान बरोबर आहे. लोकल पोर्टमध्ये एक अडचण येते: प्रिंटर यादीत दिसतो, पण प्रिंट दिल्यावर जॉब रांगेत एररमध्ये अडकतो. प्रोग्राम ज्या ॲडमिनच्या नावाने चालतो त्याला ऑफिसच्या पीसीवर प्रवेश नसतो, म्हणून. ऑफिसच्या पीसीवर त्याच नावाचा, त्याच पासवर्डचा साधा यूजर बनवा. पासवर्ड रिकामा ठेवून भागणार नाही. विंडोज ११ प्रोच्या २४एच२ या आवृत्तीपासून बिनपासवर्डचा गेस्ट प्रवेश मुळातच बंद आहे, ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग ऑफ’ करून चालवलेले बरेच शेअर त्यातच बंद पडले.

जोडताना ०x०००००११बी हा एरर आला तर तो वेगळा विषय. सप्टेंबर २०२१ च्या सुरक्षा अपडेटनंतर तो दिसायला लागला. एका पीसीवर अपडेट आहे, दुसऱ्यावर नाही, असं असलं की हटकून येतो. रजिस्ट्रीत (विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात) शून्य टाकायचा उपाय सगळीकडे फिरतो, पण त्याने मुद्दाम दिलेलं संरक्षण काढलं जातं. दोन्ही पीसी अपडेट करा.

माझ्या मते मुळावरचा उपाय म्हणजे प्रोग्राम ॲडमिनशिवाय चालवणं. दिवसभर ॲडमिनच्या अधिकारात चालणारा प्रोग्राम काट्याच्या पीसीवर नकोच. असे प्रोग्राम बहुतेक वेळा एवढ्यासाठी ॲडमिन मागतात की ते आपला डेटा प्रोग्राम फाइल्समधल्या स्वतःच्या फोल्डरमध्येच लिहितात. त्या फोल्डरच्या प्रॉपर्टीज, सिक्युरिटीमध्ये ‘ऑपरेटर’ला मॉडिफायची परवानगी द्या. मग शॉर्टकटच्या कंपॅटिबिलिटी टॅबमधली ‘रन धिस प्रोग्राम ॲज ॲन ॲडमिनिस्ट्रेटर’ची खूण काढा, ‘चेंज सेटिंग्ज फॉर ऑल यूजर्स’ दाबून तिथेही बघा, खूण तिथे लपलेली असते. तरीही ढाल राहिली तर ती प्रोग्रामच्या आतच बांधलेली आहे, बनवणाऱ्याला सांगावं लागेल. आधी डेटाची कॉपी घ्या आणि हे हंगामाच्या मध्यात करू नका.

सेवा_केंद्र_घाटंजी

माझ्याकडे लेझर प्रिंटर कोणत्याच प्रोग्राममध्ये दिसत नाही. लाइन जाऊन आली की गायब. कधी दिसतो, पण ऑफलाइन.

नेटवर्क_दुरुस्ती

ताई, तुमचा आजार वेगळा आहे, यूजरशी संबंध नाही. लाइन गेली की राउटर आणि प्रिंटर दोन्ही बंद होतात, परत आल्यावर राउटर प्रिंटरला नवा आयपी देऊ शकतो. पीसी जुन्याच आयपीवर शोधत बसतो. राउटरच्या डीएचसीपीमध्ये (आयपी वाटणाऱ्या सेटिंगमध्ये) प्रिंटरच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्याच्या कायमच्या हार्डवेअर क्रमांकावर, एक आयपी राखून ठेवा. प्रिंटर प्रॉपर्टीज, पोर्ट्समध्ये डब्ल्यूएसडी (विंडोजने आपोआप शोधून बनवलेला पोर्ट) लिहिलेलं असेल तर तो पोर्ट सोडून वर सांगितला तसा टीसीपी/आयपी पोर्ट करा.

प्रिंटर ऑफलाइन दाखवतो पण त्याचा आयपी पिंगला (पत्ता चालू आहे का हे तपासणाऱ्या कमांडला) उत्तर देतो, असं असेल तर कॉन्फिगर पोर्टमध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’ची (प्रिंटरची स्थिती विचारत राहण्याची) खूण काढा.

आणखी एक बघा. ग्रामपंचायतीच्या भारतनेटच्या डब्याला तुम्ही आपला वायफाय राउटर वॅन पोर्टमध्ये (बाहेरून इंटरनेट येण्याच्या सॉकेटमध्ये) जोडला असेल तर दोन वेगळी नेटवर्क तयार होतात. लॅपटॉप १९२.१६८.०.x वर आणि प्रिंटर १९२.१६८.१.x वर असला की आपोआप शोधात तो सापडणार नाही. केबल दुसऱ्या, म्हणजे तुमच्या, राउटरच्या लॅन पोर्टमध्ये घाला, त्याचा डीएचसीपी बंद करा आणि त्याचा स्वतःचा आयपी पहिल्या राउटरच्या रांगेतला, पण वेगळा ठेवा.

काटा_ऑपरेटर (ता. वणी, जि. यवतमाळ)

टास्क मॅनेजरमध्ये खरंच ॲडमिनचं नाव होतं. लेझर टीसीपी/आयपीने, एलएक्स लोकल पोर्टने जोडला, ऑफिसच्या पीसीवर यूजर बनवला. दोन्ही मेनूत आले, प्रिंट निघते. फक्त एलएक्सवर १० x ६ इंचाची पावती निघाल्यावर कागद बराच पुढे सरकतो, दुसरी पावती मधूनच सुरू होते.

सिस्टिम_ॲडमिन_अमरावती

ड्रायव्हर ए४ किंवा लेटर धरून चालला आहे. प्रिंट सर्व्हर प्रॉपर्टीज, फॉर्म्समध्ये ‘क्रिएट अ न्यू फॉर्म’ला खूण करून रुंदी १० इंच, उंची ६ इंच असा फॉर्म बनवा. मग एलएक्सच्या प्रिंटिंग डिफॉल्ट्समध्ये, ॲडव्हान्स्डखाली, तोच कागद निवडा. नुसत्या प्रिंटिंग प्रेफरन्सेसमध्ये निवडला तर तो पुन्हा त्या एका यूजरपुरताच राहील. आणि फॉर्म काट्याच्या पीसीवर बनवा, ऑफिसच्या नाही. लोकल पोर्टमध्ये ड्रायव्हर तुमच्याच पीसीवर चालतो, ऑफिसकडे तयार माल जातो.