शब्द हवा: स्लॉटवरचा 'ॲडव्हांटेज प्लेअर', आणि त्याच्यामुळे कॅसिनोचं नेमकं काय जातं?

बोरूबहाद्दर
अनुवादात दोन जागी अडलंय. 'ॲडव्हांटेज प्लेअर' म्हणजे गणित आपल्या बाजूला झुकलं की स्लॉट मशीनवर (पैसे घालून चित्रांची चक्रं फिरवायच्या जुगारी यंत्रावर) बसणारा, एरवी हातही न लावणारा. मी 'चलाख खेळाडू' केलं. आणि मथळा केला, 'चलाख खेळाडूंमुळे कॅसिनोला तोटा होतो का?' तपासणाऱ्याने 'चलाख' आणि 'तोटा' दोन्हींखाली लाल रेघ मारली. कारण दिलं नाही. तुम्ही काय कराल?

हातचा_एक
'तोटा'खालची रेघ बरोबर आहे. एक मशीन घ्या. जॅकपॉट २५० डॉलरपासून चढतो आणि ५०० च्या आत लागणारच, असं पाटीवर लिहिलेलं. प्रत्येक पैजेचा १ टक्का मीटरवर, म्हणजे जॅकपॉटच्या आकड्यात, चढतो. जॅकपॉट सोडून मशीन १२ टक्के राखतं. कुठल्या आकड्याला लागायचं ते मशीनने आधीच, २५० ते ५०० मधून सारख्याच शक्यतेने उचललेलं.
सरासरी ३७५ ला लागेल, म्हणजे तोवर १२,५०० डॉलरच्या पैजा. त्यावर १,५०० राखले, ३७५ दिले, कॅसिनोकडे ११२५ उरले. शेवटच्या पैजा कोणी लावल्या याने हे ११२५ बदलत नाहीत. जॅकपॉट कोणाला तरी द्यायचाच होता. मग तोटा कोणाचा?

दुय्यम_संपादक
तोटा दुसऱ्या खेळाडूंचा, हे मान्य. पण आधी 'ॲडव्हांटेज प्लेअर'चं मराठी करा. 'लाभखेळू' सुटसुटीत आहे. प्रत्येक वेळी इंग्रजीची उसनवारी कशाला?

किलवर_राणी
'लाभखेळू' कोणाच्या तोंडी बसणार? लाभ सगळ्यांनाच हवा असतो. याचं वेगळेपण थांबण्यात आहे. वरच्याच मशीनवर ना नफा ना तोटा असा आकडा काढा: ५०० गुणिले (१२ वजा १), भागिले (१२ अधिक १), म्हणजे ४२३. त्याखाली बसलात तर कॅसिनोचंच पोट भरता. ४८० वर बसलात तर सरासरी १,००० च्या पैजा, त्यात १२० जातात, जॅकपॉट ४९० च्या आसपास, हातात ३७०. नशीब फिरलं तर पैजा २,००० पर्यंत लांबतात, म्हणून खिशात तेवढी तयारी लागते.
नवखे हमखास चुकतात ते १२ च्या जागी. जॅकपॉट धरून मशीन ९ टक्केच राखतं (१२,५०० पैकी ११२५). तो ९ सूत्रात घातला की उत्तर ४०० येतं, जॅकपॉट दोनदा मोजला जातो आणि माणूस २३ डॉलर लवकर बसतो.
म्हणून 'टपून बसणारा' किंवा 'डाव साधणारा'.

व्युत्पत्तीवेडा
कोणी 'नाल' शब्द काढलाच नाही! अड्डेवाला प्रत्येक डावातून काढतो ती नाल. कॅसिनोचे ते ९ टक्के म्हणजे नालच. 'नाल शाबूत राहते' म्हटलं की हातचा_एक यांचं सगळं गणित तीन शब्दांत आलं. अरबी 'नअल' म्हणजे पादत्राण, घोड्याचा नाल. फारसीत 'नालबहा' म्हणजे नालांच्या किमतीच्या नावाखाली घेतलेली खंडणी. तिथूनच आला असणार.

हातचा_एक
नाल पत्त्यांच्या अड्ड्यावर. तिथे खेळणारे आपसात खेळतात आणि मालक टक्का घेतो. स्लॉटवर समोर मालकच असतो. मात्र साठत्या जॅकपॉटपुरती तुमची उपमा चालेल, कारण तिथे खरोखर खेळाडूच एकमेकांचे पैसे खातात.

पंजाछक्का
तसं असेल तर 'आयतोबा' म्हणा. दुसऱ्यांनी मीटर चढवायचं, याने येऊन उचलायचं. आयत्या बिळावर नागोबा. इंग्रजीत याला गिधाडाची उपमा आहेच.
नव्वदच्या दशकातल्या 'पिगी बँकिन'वर पिगी बँकेत नाणी साचत आणि फोडायचं चिन्ह आलं की साचलेलं सगळं मिळे. कंटाळून अर्धवट उठलेल्याच्या खुर्चीत हे जाऊन बसत. 'ओशन मॅजिक'वर बुडबुडे (जोकरसारखे, कुठल्याही चिन्हाच्या जागी चालणारे) दर फेरीला एक घर वर सरकतात आणि आधीच्या माणसाने सोडले तिथेच राहतात, तेही प्रत्येक पैजेच्या रकमेचे वेगळे. त्यामुळे नुसता पडदा बघून भागत नाही, एकेक रक्कम निवडून बघावी लागते.

किलवर_राणी
एवढी पायपीट करणारा आयतोबा कसा? आयतोबाला ताटात वाढलेलं मिळतं.

दुय्यम_संपादक
आणि 'पिगी बँक' कशाला? त्याला 'गल्ला' म्हणतात.

पंजाछक्का
गल्ला दुकानदाराचाही असतो. 'गल्ला फोडला' लिहिलं तर वाचक चोरी समजेल.

किलवर_राणी
मूळ प्रश्नाकडे या. कॅसिनोचं काहीच बिघडत नाही, हेही खरं नाही. नेहमीचा गिऱ्हाईक जॅकपॉट जिंकला की त्यातले बरेचसे त्याच दालनात परत घालतो. डाव साधणारा घेऊन निघून जातो. शिवाय सगळे जॅकपॉट यांनीच उचलले तर इतरांसाठी मशीन ९ ऐवजी १२ टक्के खातं. १०० डॉलरमध्ये सुमारे ११११ च्या पैजा होत होत्या, त्या ८३३ वर येतात. खेळ आखूड झाला की गिऱ्हाईक कुरकुरतं. आठ मशीनचा एकच मीटर असेल तर शेजारचा आपल्या आधी जॅकपॉट नेईल, म्हणून टोळी आठही खुर्च्या अडवते. कॅसिनोला खुपतं ते हे.
याला तोटा नाही, 'तोशीस' म्हणतात. गिऱ्हाइकाला झळ, कॅसिनोला तोशीस.

हातचा_एक
खरा तोटा हवा असेल तर व्हिडिओ पोकर बघा. 'ड्यूसेस वाइल्ड' (दुऱ्या जोकर धरायचा प्रकार) फुल-पे, म्हणजे सर्वांत उदार दरांचं, मिळालं आणि अचूक खेळलं तर परतावा १००.७६ टक्के. तिथे मालकाच्याच खिशातून जातात. '९/६ जॅक्स ऑर बेटर' (फुल हाउसला ९ पट, फ्लशला ६ पट देणारा प्रकार) ९९.५४ टक्के, पण कॅसिनोने सदस्य-कार्डावर अर्धा टक्का रोख परत दिला की १००.०४. ही चूक जाहिरात खात्याची, खेळाडूची नव्हे. एकाच मथळ्यात दोन्ही यंत्रं कोंबली तर कुठलंच क्रियापद बसणार नाही.

पंजाछक्का
'चलाख' मात्र जायलाच हवं. हातचलाखी म्हणजे फसवणूक. इथे मशीनला कोणी हात लावत नाही, पाटीवर लिहिलेलंच वाचतो.

दुय्यम_संपादक
आणि मशीनमधला दोष वापरला तर? २००९ मध्ये 'गेम किंग' या व्हिडिओ पोकर मशीनवर बटणांचा ठरावीक क्रम दाबून जुना विजय मोठ्या पैजेच्या दराने पुन्हा उचलता येत होता. खटला झाला, संगणक-घुसखोरीचा आरोप २०१३ मध्ये मागे घेतला गेला. तोही 'डाव साधणारा'च का?

किलवर_राणी
त्याला 'खोट काढणारा' म्हणा. 'खोट' म्हणजे दोषही आणि तोटाही. तिथे दोन्ही अर्थ लागू पडतात.

बोरूबहाद्दर
तूर्त 'डाव साधणाऱ्यांची कॅसिनोला तोशीस पडते का?' असं करतो. 'डावसाधू' एका शब्दात चालेल?

दुय्यम_संपादक
डावसाधू म्हणजे डाव्या पंथाचा साधू वाटतो. 'लाभखेळू' अजूनही घ्या.

व्युत्पत्तीवेडा
'तोशीस' अरबी 'तश्वीश'वरून, मुळात अर्थ मनाची घालमेल. मग लाभखेळूवाल्यांना ती चालते कशी? आणि नालेचं कोणी बोलेना.